पाणी कुठल्या कप्प्याचं ऐकतं?

तेलाने भरलेल्या वाळूच्या खडकात एका टोकाकडून पाणी दाबलं, तर ते दुसऱ्या टोकाला कधी पोचेल? एकच द्रव असता तर फ्रेंच अभियंता आन्री दार्सी यांचा 1856 चा नियम पुरला असता: प्रवाह दाबाच्या उताराच्या सम प्रमाणात, श्यानतेच्या (द्रवाच्या घट्टपणाच्या) व्यस्त प्रमाणात. द्रव दोन झाले की ते एकमेकांची वाट अडवतात. छिद्रांत निम्मं पाणी, निम्मं तेल असलं तरी प्रत्येकाला निम्मी वाट मिळत नाही. वाटा म्हणजे प्रमाणाचा वर्ग, हा सोपा नियम धरला तर प्रत्येकाला पावच मिळते. उरलेली निम्मी कुणाचीच नाही. प्रत्येक द्रवाला मिळणाऱ्या वाट्याला सापेक्ष पार्यता (पुढे नुसती पार्यता) म्हणतात, आणि हा प्रवाह संगणकावर मोजण्यातली, म्हणजे सिम्युलेशनमधली, मेख तिथेच आहे.

1 मीटर लांबीचा, 100 चौरस सेंमी छेदाचा, 20 टक्के सच्छिद्र खडक घ्या. पोकळी 2 लिटर. गणितासाठी त्याचे लांबीच्या दिशेने 100 कप्पे पाडले की प्रत्येकात 20 मिली मावतात. दोन्ही द्रवांची श्यानता सारखी, छिद्रांत अडकून काहीच राहत नाही आणि केशिक दाब (बारीक छिद्रांत दोन द्रवांच्या दाबांत पडणारा फरक) नाही, असं तूर्त धरू. वेळेच्या दर टप्प्यात आधी सगळ्या कप्प्यांचा दाब एकत्र सोडवायचा, मग प्रत्येक कप्प्यातलं पाणी पुढे सरकवायचं.

दोन कप्प्यांमधल्या सीमेवर पार्यता कुणाची घ्यायची? पुढच्या कप्प्याची घेतली तर तिथे पाणीच नाही, पार्यता शून्य, आणि पाणी आत शिरतच नाही. सरासरी सोज्वळ वाटते खरी, पण तिच्यामुळे उत्तर चुकीच्याच आघाडीकडे (पुढे सरकणाऱ्या पाण्याच्या कडेकडे) जाऊ शकतं, कप्पे कितीही बारीक करा. घ्यायची ती प्रवाह जिथून येतो त्या मागच्या कप्प्याची. त्याची किंमत म्हणजे आघाडी काही कप्प्यांवर पसरते. ती किंमत मोजावी.

मिनिटाला 1 मिली पाणी सोडलं, तर टप्पा 10 मिनिटांहून मोठा नको. पोकळीतलं पाण्याचं प्रमाण 0.5 असतं तिथे बदल सर्वांत वेगाने, प्रवाहाच्या दुप्पट गतीने धावतो. एका टप्प्यात त्याने कप्पा ओलांडता कामा नये. टप्पा ताणला की आकडे हेलकावे खातात, कधी 1 च्या वरही जातात. तिथे 1 वर कापून टाकणारे प्रोग्राम आढळतात. त्यात पाणीच हरवतं, म्हणून आत आलेलं, बाहेर गेलेलं आणि साठलेलं यांचा ताळेबंद दर टप्प्याला जुळवावा.

उत्तर तपासायला याच प्रश्नावरचं बकली आणि लेव्हरेट यांचं 1942 चं गणित आहे. आपल्या खडकात पोकळीच्या 0.83 पट, म्हणजे सुमारे 1,657 मिली पाणी आत गेल्यावर, सुमारे साडेसत्तावीस तासांनी, आघाडी बाहेर पोचायला हवी. तीही पाण्याच्या प्रमाणात शून्यावरून थेट 0.71 वर उडी घेऊन.

आता केशिक दाब जोडा. टप्प्याच्या सुरुवातीचेच आकडे वापरून तो मोजला, तर कप्पा निम्मा केल्यावर टप्पा पाव करावा लागतो. म्हणून तो टप्प्याअखेरच्या अज्ञात आकड्यांसह सोडवतात. आणखी एक गोष्ट: खडकाबाहेर केशिक दाब शून्य असतो. खडकाला पाणी चिकटत असेल तर ते बाहेरच्या टोकाशी साचतं, पहिला थेंब उशिरा पडतो. छोट्या नमुन्यात, मंद प्रवाहात हा उशीर मोठा असतो आणि तो सीमेच्या अटीत घातला नाही तर खडकाच्या पार्यतेवरच दोष ढकलला जातो.