सुरेच्या जागी यीस्ट

गोव्यातील पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, पूर्वी पाव फुगवण्यासाठी पिठात माडाची सूर, म्हणजे माडाचा आंबलेला रस, घालत असत. आज बहुतेक भट्ट्यांत तिची जागा विकतच्या यीस्टने घेतली आहे. पाव अजूनही फुगतो, पण जुनी चव ज्यांच्या जिभेवर आहे त्यांना फरक कळतो, आणि तो फरक खरा आहे.

रेंदेर, म्हणजे सूर काढणारा, माडाच्या न उमललेल्या फुलोऱ्याला छेद देऊन जो रस गोळा करतो, त्यात साधारण १२ ते १५ टक्के साखर असते. हवेतले आणि मडक्याला चिकटून राहिलेले सूक्ष्मजीव त्यात उतरतात आणि काही तासांतच रस फसफसू लागतो. यीस्ट साखरेपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार करते, लॅक्टिक आम्लाचे जिवाणू आंबटपणा आणतात, आणि रस फार दिवस राहिला तर अल्कोहोलचे ॲसेटिक आम्ल होऊन त्याचे व्हिनेगर बनते. हीच सूर भट्टीवर ऊर्ध्वपातित केली की माडाची फेणी होते. पाव, व्हिनेगर आणि फेणी असे तिन्ही पदार्थ एकाच मडक्यातून निघतात.

पाकिटातील यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या एकाच जातीचा, भराभर वायू सोडावा म्हणून निवडलेला वाण. सुरेच्या तीन कामांपैकी वायूचे काम तो चोख करतो, परंतु आंबटपणा आणि सुगंध तयार होण्याआधीच पीठ फुगून भट्टीत जाते.

सान्नांच्या, म्हणजे इडलीसारख्या वाफवलेल्या गोव्याच्या पदार्थाच्या, पिठात हे स्पष्ट दिसते. उकडा तांदूळ आणि खोबरे वाटून त्यात सूर घातली, की पिठावर बारीक बुडबुडे येतात आणि किंचित आंबूस, फळासारखा वास सुटतो. सूर न मिळाल्यास अनेकजण नारळपाणी, चमचाभर साखर आणि अर्धा चमचा यीस्ट वापरतात. सान्ना हलक्या होतात, पण सपक लागतात. माझ्या मते त्यावर उपाय आहे: वाटलेला तांदूळ इडलीच्या पिठाप्रमाणे आधी रात्रभर आंबू द्यावा, म्हणजे तांदळावरचेच जिवाणू आंबटपणा आणतात, आणि यीस्ट सकाळी घालावे. खाण्याचा सोडा मात्र इथे कामाचा नाही. तो आम्लाशी संयोग होताच वायू सोडतो, पण सुगंध काहीच देत नाही, आणि जास्त पडला तर साबणासारखी चव येते.

एका कामाचे यीस्ट दुसऱ्या कामाला वापरणेही तितकेच अवघड असते. पावाचे आणि वाईनचे यीस्ट जातीने एकच, तरी वाण वेगळे. द्राक्षातील ग्लुकोज आणि फ्रुक्टोजला सरावलेले वाईनचे यीस्ट कणकेतील माल्टोज साखर सावकाश वापरते, म्हणून पाव फुगायला वेळ लागतो. पावाचे यीस्ट फळांच्या रसात घातले तर सुरुवातीला जोमाने फसफसते, पण अल्कोहोल वाढत गेले की वाईनच्या यीस्टच्या मानाने लवकर थकते, तळाशी घट्ट बसत नाही, आणि ग्लासात पावाचा वास असलेले गढूळ पेय उरते.