कुंकवानं माखलेला क्यूआर कोड स्कॅन होतो तो कशामुळं?

सांगलीच्या मार्केट यार्डात मी ज्या गाड्यावर चहा पितो तिथल्या मामांचा क्यूआर कोडचा स्टिकर लक्ष्मीपूजनापासून आहे तसाच आहे. वरच्या अंगाला कुंकवाचा ठसठशीत टिळा, हळदीची पोती उचलून आलेल्या हमालांच्या बोटांचे पिवळे डाग सगळीकडं, आणि उजव्या हाताचा खालचा कोपरा वाफेनं फुगून पार उडालाय. तरी पैसे जातात, पहिल्या झटक्यात जातात. परवा मी म्हणलं, मामा, हे अजून चालतंय कसं? तर मामा म्हणाले, "आवं लक्ष्मी हाय ती, कुंकू लावलंय म्हणून तर चालतंय." शेजारी उभा असलेला कॉलेजचा पोरगा म्हणाला, "तसं नाही मामा, त्यात एआय असतंय, मोबाईल अंदाजानं ओळखतोय."

दोन्ही चूक. कुंकवानं कोडचं नुकसानच होतं, आणि एआयचा इथं काही संबंध नाही, हे गणित १९६० सालचं आहे. शिवाय ते अंदाज करत नाही. नुकसान ठरलेल्या मर्यादेत असलं तर पुसलेला मजकूर जसाच्या तसा परत मिळतो, एक अक्षर इकडचं तिकडं होत नाही, आणि झालं तर पैसे भलत्याच्या खात्यावर जातील की. हे कसं जमतं ते मला सांगायचंय, कारण मला तरी रोजच्या वापरातलं याच्याइतकं देखणं दुसरं काही दिसत नाही.

आधी थोडं मागचं. क्यूआर कोड १९९४ साली जपानमध्ये डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवला, गाड्यांच्या सुट्ट्या भागांची नोंद ठेवायला. कारखाना म्हणलं की तेल, ग्रीस, धूळ आलीच, त्यामुळं घाण झाली तरी वाचता आलं पाहिजे ही अट पहिल्यापासूनच होती. आपल्याकडं २०१६ ला यूपीआय आलं आणि तोच कोड चहाच्या गाड्यावर, भडंगाच्या दुकानात, मंदिराच्या दानपेटीवर आणि निवडणुकीच्या पत्रकांवर जाऊन बसला.

आता मुख्य गोष्ट. समजा मला तुम्हाला १० आणि १५ हे दोन आकडे पाठवायचेत. नुसते पाठवले आणि एक पुसला गेला तर खेळ खलास. म्हणून मी काय करतो, आलेखाच्या कागदावर १ समोर १० आणि २ समोर १५ असे दोन बिंदू मांडतो. दोन बिंदूंमधून एकच सरळ रेघ जाते हे आपण शाळेत शिकलोय. ती रेघ मी पुढं वाढवतो, ३ समोर २० येतात, ४ समोर २५. आता तुम्हाला दोनाऐवजी चार आकडे पाठवतो, १०, १५, २०, २५. वाटेत कुणीतरी डाग पाडला आणि तुम्हाला मिळाले १०, १५, ७०, २५. कुठला चुकलाय हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, पण कागदावर मांडून बघा, तीन बिंदू एका रेघेत बसतात आणि ७० वाला बाहेर पडतो, दुसरे कुठलेही तीन घेतले तर ते एका रेघेत येतच नाहीत. म्हणजे चोर सापडला, आणि रेघेवर ३ समोर काय पाहिजे तेही कळलं, २०. दुरुस्ती झाली. हिशोब लक्षात ठेवा, एक चूक शोधून दुरुस्त करायला दोन जादा बिंदू लागले.

हेच मोठं करायचं. सगळ्यात छोटा क्यूआर २१ बाय २१ चौकटींचा असतो, त्यात २६ बाईट मावतात. बाईट म्हणजे आठ काळ्या-पांढऱ्या चौकटींचा एक गट, आणि असा प्रत्येक गट म्हणजे आपला एक आकडा. सगळ्यात जास्त संरक्षणाच्या पातळीवर त्यातले फक्त ९ खरे मजकुराचे आणि १७ जादाचे. नऊ बिंदूंमधून सरळ रेघ जाणार नाही, तिथं आठव्या घाताची बहुपदी लागते, वळणावळणाची रेघ समजा. १७ जादा म्हणजे ८ चुका दुरुस्त होणार, २६ पैकी ८, साधारण ३० टक्के कोड नासला तरी चालतं. सगळ्यात खालच्या पातळीला हेच ७ टक्क्यांच्या आसपास येतं. प्रत्यक्षात करायची रीत थोडी निराळी आहे पण तत्त्व हेच, अर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोघांनी १९६० साली पाच पानांच्या लेखात मांडलेलं.

एक अडचण राहते. रेघ वाढवत गेलं की आकडे फुगतात, भागाकार केला की अपूर्णांक येतात, आणि बाईटमध्ये तर ० ते २५५ एवढंच मावतं. मग २५६ आकड्यांचं असं जग पाहिजे जिथं बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार काहीही करा, उत्तर त्या २५६ मध्येच. घड्याळासारखं २५६ ला परत शून्यावर यायचं म्हणलं तर १६ गुणिले १६ शून्य होतं, आणि दोन शून्य नसलेल्यांचा गुणाकार शून्य आला की भागाकार मोडला. म्हणून बाईटच्या आठ बिटांनाच (एकेक चौकट म्हणजे एक बिट, ० किंवा १) एक बहुपदी मानायचं, बेरजेत १ अधिक १ शून्य धरायचं (म्हणजे बेरीज आणि वजाबाकी एकच!), आणि गुणाकार आला की आठव्या घाताच्या, अवयव न पडणाऱ्या एका ठरलेल्या बहुपदीनं भागून बाकी ठेवायची. असली मर्यादित जगं एव्हारिस्त गाल्वा या फ्रेंच पोरानं शोधली, तो १८३२ मध्ये द्वंद्वयुद्धात मेला तेव्हा २० वर्षांचा होता. हा परिच्छेद पहिल्या वाचनात नाही कळला तर सोडा, चार बिंदूंची रेघ तेवढी धरून ठेवा.

आता मामांच्या स्टिकरकडं परत. इथं चुका मोजतात त्या बाईटच्या हिशोबानं, चौकटीच्या नाही. एका बाईटमधली एक चौकट नासली काय आणि आठही नासल्या काय, चूक एकच. त्यामुळं एका जागी पडलेला गडद टिळा परवडतो, पण तेवढंच कुंकू सगळ्या कोडवर शिंपडलं तर कितीतरी बाईट बिघडतील आणि कोड बंद पडेल. हळदीचं तर कॅमेऱ्याला काही वाटतच नाही, कारण कॅमेरा फक्त उजेड आणि अंधार बघतो, पांढऱ्यावरची हळद त्याला पांढरीच आणि काळ्यावरचा पातळ थर काळाच. आणि उडालेला कोपरा उजवीकडचा खालचा होता हे नशीब. बाकीच्या तीन कोपऱ्यांत जे मोठे चौकोन असतात ते कोड कुठंय आणि कसा फिरलाय हे ओळखायला, त्यांना हे गणित लागू होत नाही. एक चौकोन झाका, बहुतेक वेळा स्कॅन होणार नाही. घरी करून बघा, आधी मधल्या भागावर एक रुपयाचं नाणं ठेवा, मग कोपऱ्यावर.

हेच गणित आपण त्याच्याही आधी वापरलंय. तासगाव, इस्लामपूर रस्त्याला वडापमध्ये, म्हणजे सीटवर पैसे घेणाऱ्या जीपमध्ये, सीडी लावायचे, ओरखडे पडलेली, तरी गाणं अडखळत नव्हतं, कारण १९८२ साली सीडी बाजारात आली ती रीड-सॉलोमन घेऊनच. अडीच मिलिमीटरपर्यंतचा सलग ओरखडाही ती भरून काढायची. आणि १९८६ च्या जानेवारीत व्हॉयेजर-२ या अमेरिकेच्या अंतराळयानानं युरेनस ग्रहाचे फोटो पाठवले ते याच पद्धतीनं. वडापमधली गाणी आणि युरेनसचे फोटो, गणित एक.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. हे गणित डाग दुरुस्त करतं, लबाडी नाही. कुणी रात्रीत तुमच्या स्टिकरवर स्वतःचा स्टिकर चिकटवला तर तो कोड निर्दोषच वाचला जाणार आणि पैसे त्याच्याकडं जाणार, म्हणून पिन टाकायच्या आधी नाव वाचायचं. आणि "तुम्हाला पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा" असं फोनवर कुणी म्हणलं की फोन ठेवायचा, पैसे यायला स्कॅनही लागत नाही आणि पिनही लागत नाही.

मामांना मी हे सगळं सांगितलं, चार बिंदूंची रेघ त्यांच्याच उधारीच्या वहीत काढून दाखवली. त्यांना ती पटली. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे पुढच्या दिवाळीला कुंकू कुठं लावू?" मी म्हणलं, कोडच्या वर तुमचं नाव छापलंय ना, तिथं लावा.