कोळंबीच्या पोटातलं प्रोबायोटिक आणि तलावातलं प्रोबायोटिक

कोळंबीच्या तलावासाठी मिळणाऱ्या दोन्ही पुड्यांवर ‘प्रोबायोटिक’ (उपयोगी जिवाणू) छापलेलं असतं, घटकांमध्ये बहुतेक वेळा बॅसिलस या जिवाणूचंच नाव दिसतं, किंमतही आसपासच. म्हणून व्हेनामी जातीची कोळंबी वाढवणारे अनेक जण हाताला येईल तो पुडा तलावात ओततात. पण एक पुडा खाद्याला लावायचा असतो, दुसरा पाण्यासाठी आणि तळासाठी असतो. त्यांची कामं वेगळी आहेत, आणि मात्रेचा हिशोब तर पूर्णपणे वेगळा.

तो हिशोब आधी करून पाहू. एक एकराच्या तलावात सव्वा मीटर पाणी म्हणजे सुमारे 50 लाख लिटर. ग्रॅमला 100 कोटी जिवंत जिवाणू असलेली अर्धा किलो पावडर त्यात टाकली, तर पाण्याच्या प्रत्येक मिलिलिटरला साधारण 100 जिवाणू येतात. त्या पाण्यात मुळातच मिलिलिटरला दहा लाखांहून अधिक जिवाणू असतात, त्यात या शंभरांचा निभाव लागत नाही. तीच पावडर किलोभर खाद्याला 5 ग्रॅम लावली, तर खाद्याच्या प्रत्येक ग्रॅमवर 50 लाख जिवाणू बसतात आणि थेट आतड्यात जातात. पोटासाठीचं प्रोबायोटिक पाण्यात टाकणं वाया का जातं, ते यावरून कळावं.

खाद्यासाठी लॅक्टोबॅसिलस, पेडिओकोकस, यीस्ट किंवा बॅसिलस वापरतात. आतड्यात व्हिब्रिओ या रोगकारक जिवाणूला जागा आणि अन्न मिळू न देणं, पचनाला विकरं पुरवणं हे त्यांचं काम. किलोला 5 ते 10 ग्रॅम पावडर थोड्या स्वच्छ पाण्यात कालवून खाद्यावर शिंपडावी, वरून बाइंडर (पावडर चिकटवून ठेवणारा पदार्थ) किंवा माशाचं तेल लावावं, खाद्य सावलीत अर्धा-पाऊण तास सुकवून त्याच दिवशी वापरावं. बाइंडर टाळू नये: कोळंबी दाणा कुरतडत खाते, तोवर सुटी पावडर पाण्यात धुऊन जाते. उन्हात सुकवलं तर लॅक्टोबॅसिलस मरतो. बॅसिलसचे बीजाणू (टणक सुप्त रूप) टिकतात, म्हणून कारखान्यात वाफेवर दाणा बनवताना मिसळायला तोच चालतो.

पाण्याचं प्रोबायोटिक मात्र कोळंबीच्या पोटासाठी नसतंच. उरलेलं खाद्य, विष्ठा, मेलेलं शेवाळ कुजवणं आणि अमोनिया कमी करणं ही त्याची कामं, आणि ती वेगवेगळे जिवाणू करतात. बॅसिलस गाळ कुजवतो, पण पाण्यात कार्बन कमी असेल तर कुजवताना उलट अमोनियाच सोडतो. म्हणून सोबत गूळ किंवा मळी द्यावी लागते. नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर हे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. त्यांना गूळ लागत नाही, ऑक्सिजन आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) लागते: एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साडेचार ग्रॅम ऑक्सिजन आणि सात ग्रॅम अल्कलिनिटी खर्च होते. अल्कलिनिटी लिटरला 100 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर आधी चुना किंवा डोलोमाइट द्यावा. नायट्रोसोमोनासला बीजाणू नसतात, म्हणून कोरड्या पावडरीत तो जिवंत असल्याचा दावा आम्ही तरी सहज मानणार नाही.

बॅसिलस वाढवून टाकणं परवडतं. 200 लिटरच्या ड्रममध्ये क्लोरीन नसलेलं पाणी, अर्धा किलो पावडर, 5 किलो गूळ, आणि 18 ते 24 तास जोरदार हवा. हवा बंद पडली आणि सडका वास आला तर ड्रम ओतून द्यावा, तलावात नाही. कालच्या ड्रममधलं थोडं पाणी विरजणासारखं पुढे वापरत राहिलं, की दोन-तीन फेऱ्यांत त्यात भलतेच जिवाणू माजतात. नायट्रोसोमोनासचा पुडा गुळात भिजवला तर वाढतात फक्त त्याचे प्रतिस्पर्धी.

ड्रम रिकामा करायचा तो सकाळी ऊन वर आल्यावर, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू ठेवून. जिवाणू भराभर वाढतात तेव्हा ऑक्सिजन ओढतात, आणि संध्याकाळी टाकलं तर पहाटे कोळंबी कडेला येते. ब्लिचिंग पावडर किंवा आयोडीन वापरलं असेल तर तीन-चार दिवस थांबावं. तळासाठीची पावडर कोरड्या वाळूत मिसळून खाद्य साचतं तिथे टाकावी. तळ चांगला राहिला की पाणी बदलणं कमी होतं आणि कुजकं पाणी खाडीत सोडावं लागत नाही. शेजारच्या शेतकऱ्यासाठी याचं मोल मोठं, कारण त्याचा पंप त्याच खाडीतून पाणी उचलतो.

कोणतं निवडायचं ते तलाव सांगतो. आतडं रिकामं, विष्ठेचा धागा तुटक, वाढ असमान असेल तर खाद्याकडे बघा. अमोनिया-नायट्राइट वाढलं, तळाची माती काळी आणि वास मारणारी असेल तर पाण्याकडे. चेक ट्रेमध्ये (खाद्य किती खाल्लं ते पाहायला पाण्यात ठेवलेल्या ताटात) खाद्य उरत असेल तर आधी खाद्य कमी करा, कोणतंही प्रोबायोटिक जास्तीच्या खाद्याला पुरं पडत नाही. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू किंवा ईएचपी हा सूक्ष्म परजीवी आला तर दोन्ही पुड्यांनी तो बरा होत नाही. आणि प्रतिजैविक वापरलंच, तर कायदा मोडतो तो मोडतोच, शिवाय टाकलेले जिवाणूही मरतात.

हॅचरीत (बीज तयार करण्याच्या केंद्रात) मात्र ही विभागणी पुसट होते. कोळंबीच्या किंवा कालवांच्या अळ्या आजूबाजूचं पाणीच गाळून खातात, त्यामुळे टाकीत टाकलेला जिवाणू पोटातही पोहोचतो, आणि टाकी लहान असल्याने मात्राही पुरते. तिथे पाणी बदललं की प्रत्येक वेळी नव्याने मात्रा द्यावी लागते. उघड्या खाडीत दोरावर वाढणाऱ्या शिनाण्यांना (काळ्या-हिरव्या शिंपल्यांना) मात्र यातलं काहीच टाकू नये, पुढच्या ओहोटीला ते समुद्रात गेलेलं असतं.