शाहीर साबळे : डफ, तबकडी आणि रंगमंच

महाराष्ट्र सरकारने ३१ जानेवारी २०२३ रोजी ‘जय जय महाराष्ट्र माझा’ या गीताला राज्यगीताचा दर्जा दिला. निर्णय अमलात आला तो १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीच्या दिवशी. शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची आणि आवाज शाहीर साबळे यांचा. गाणारा शाहीर, म्हणून या गीताला सर्रास पोवाडा म्हटलं जातं. तो पोवाडा नाही, आणि साबळ्यांची कारकीर्द समजून घ्यायची तर हा फरक आधी ध्यानात घ्यायला हवा.

पोवाडा घडलेली गोष्ट सांगतो. चौकामागून चौक (कडव्यांचा एकेक गट) कथा पुढे सरकते, मध्येच शाहीर गाणं थांबवून गद्यात बोलतो आणि शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफतो. मागे साथ करणारे झीलकरी ओळीचं शेपूट उचलून ‘जी जी रं जी’ ओढतात. झील नुसती शोभेची नसते. तेवढ्यात शाहीर दम घेतो, पुढचं कडवं मनात जुळवतो आणि श्रोत्यांचा अंदाज घेतो. झीलकरी कच्चे असले की शाहिराचा आवाज अर्ध्या पोवाड्यातच फाटतो. खळ्यांची चाल ही बांधीव स्फूर्तिगीताची आहे. तिच्यात गद्याला जागा नाही, कथाही नाही. मात्र ‘गर्जा’ या शब्दावरची फेक पाहा, ती मैदानात तयार झालेल्या गळ्याचीच आहे.

कृष्णराव गणपतराव साबळे यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ रोजी वाई तालुक्यातल्या पसरणीचा. शिक्षणासाठी ते अमळनेरला आजोळी गेले. शाळा सातवीच्या पुढे गेली नाही, पण तिथे साने गुरुजींचा सहवास मिळाला आणि गाता गळा चळवळीच्या कामी लागला. १९४२च्या आंदोलनात शाहिरी हेच प्रचाराचं साधन होतं. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्यापर्यंत बातमी पोचवायची ती डफावर.

त्या काळच्या कलापथकाचा संच आटोपशीर असे : डफ, तुणतुणं, झांज, कधी ढोलकी, आणि दोन-तीन झीलकरी. डफाच्या लाकडी कड्यावर एका बाजूने बकऱ्याचं कातडं ताणलेलं असतं. दमट हवेत ते ढिलं पडतं आणि बोल भदभदीत येतो, म्हणून कार्यक्रमाआधी डफ जाळावर शेकतात. थोडा जास्त शेकला तर कातडं कडेला तडकतं. तुणतुण्याला एकच तार. ती शाहिराच्या षड्जाला लावायची आणि सबंध कार्यक्रमभर तोच सूर धरून ठेवायचा. ध्वनिक्षेपकाचा कर्णा नसेल तर आवाज शेवटच्या माणसापर्यंत जायला पट्टी चढी घ्यावी लागे. उंच स्वरातही शब्द खणखणीत ठेवण्याची साबळ्यांची हातोटी या सवयीतून आलेली आहे.

ग्रामोफोनच्या तबकडीने यात पहिली काटछाट केली. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. अख्खा पोवाडा त्यात बसणं शक्यच नव्हतं. बसत ती लहान लोकगीतं आणि भारुडं. घरोघरी पोचलेले साबळे म्हणूनच मुख्यतः ‘विंचू चावला’चे. एकनाथांच्या या भारुडात विंचू म्हणजे काम-क्रोध आणि त्यावरचा उतारा म्हणजे सत्त्वगुणाचा अंगारा. साबळ्यांनी वेदनेचा अभिनय थेट आवाजात आणला : कण्हणं, किंचाळणं, मध्येच मांत्रिकाला हाक. त्यांची नक्कल करणारे बहुतेक जण इथेच फसतात. ते विंचवाची नांगी तेवढी उचलतात, अंगारा विसरतात. शेवटची कडवी गाळली की भारुडाचा नुसता फार्स उरतो.

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती. ती उठल्यावर ‘लोकनाट्य’ हे नाव रुळलं आणि गण (गणेशस्तवन), गवळण, बतावणी (विनोदी संवाद), वग (मुख्य कथानाट्य) या जुन्या क्रमात राजकीय विषय शिरले. साबळ्यांनी हा साचा बंदिस्त नाट्यगृहात नेला आणि त्याला मुक्तनाट्य म्हटलं. १९६०चं ‘यमराज्यात एक रात्र’ हे त्यांतलं गाजलेलं. ‘आंधळं दळतंय’मध्ये मुंबईतल्या मराठी माणसाच्या कुचंबणेचा विषय होता, आणि शिवसेनेच्या जन्माच्या आसपास त्याने जी हवा तापवली तिचा उल्लेख आजही होतो. मुक्तनाट्यात संहिता असली तरी हजरजबाबी पात्रांना मोकळीक लागते. लिहिलेलंच म्हटलं तर प्रयोग थंड पडतो, आणि मोकळीक अति झाली तर वग भरकटतो. सूत्रधार म्हणून शाहीर रंगमंचावर असल्याने लगाम त्यांच्याच हाती राही.

‘महाराष्ट्राची लोकधारा’ हा त्यांचा सर्वांत मोठा आणि माझ्या मते सर्वांत अवघड उद्योग. वासुदेव, गोंधळ, जागरण, कोळीनाच, भारूड, लावणी असे प्रकार एका रात्रीच्या कार्यक्रमात ओवायचे. अडचण वेळेची. गोंधळ रात्रभर चालतो : देवतांना आवाहन, मग आख्यान, शेवटी आरती. लोकधारेच्या वाट्याला आली काही मिनिटं, तेव्हा उरलं ते आवाहन, संबळ या जोडवाद्याचा ठेका आणि पेटती दिवटी (मशाल). आख्यान गेलं. विधीचा कार्यक्रम झाला, अशी टीका यावर करता येते आणि ती खोटी नाही. पण जागरण-गोंधळ घरी कधीच न घातलेल्या शहरी प्रेक्षकाला संबळ आणि दिमडी (जागरणातलं लहान डफासारखं वाद्य) यांच्या नादातला फरक कळला तो अशाच प्रयोगांतून.

लोकधारेच्या संचात पुढे नावारूपाला आलेले कलावंत घडले. भरत जाधव आणि अंकुश चौधरी हे त्यांतले, आणि नातू केदार शिंदेही. मुलगा देवदत्त संगीतकार झाला. साबळ्यांना १९८४मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि १९९८मध्ये पद्मश्री मिळाली. २० मार्च २०१५ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. जन्मशताब्दीच्या वर्षात, एप्रिल २०२३मध्ये, केदार शिंदे यांनी त्यांच्यावरचा ‘महाराष्ट्र शाहीर’ हा चित्रपट आणला. त्यात साबळ्यांची भूमिका केली ती अंकुश चौधरी यांनी.

राज्यगीत ठरवतानाही कात्री चाललीच. मूळ गाण्यातली दोनच कडवी घेतली गेली आणि ते पावणेदोन मिनिटांच्या आत बसवलं. तबकडीच्या एका बाजूला मावे, त्याच्या निम्मं.