पॅशनमधले दोन टेनर: गोष्ट सांगणारा कोण आणि आरिया गाणारा कोण?

बाखचं सेंट मॅथ्यू पॅशन, म्हणजे येशूच्या शेवटच्या दिवसांची गोष्ट सांगणारी मोठी संगीतरचना, ऐकायला लागले तेव्हा माझा कायम घोळ व्हायचा. कंडक्टर कारायानच्या रेकॉर्डिंगवर टेनर (उंच पट्टीचा पुरुष आवाज) म्हणून दोन नावं, पीटर श्रायर आणि होर्स्ट लाउबेनथाल, मग कोण कधी गातोय?

तर श्रायर इव्हँजेलिस्ट गातो आणि लाउबेनथाल आरिया, म्हणजे एकट्याने गायची भावगीतं. इव्हँजेलिस्ट म्हणजे गोष्ट सांगणारा, बायबलमधला मजकूर जसाच्या तसा, अर्धा बोलत अर्धा गात, मागे फक्त ऑर्गन आणि चेलो, तेही एखादा सूर धरून गप्प बसणारे. आरियावाला टेनर गोष्ट सांगतच नाही, गोष्ट थांबवून आत काय होतंय ते गातो. 'गेडुल्ट' म्हणजे धीर, खोट्या जिभा टोचल्या तरी धीर धर, हेच तो परत परत स्वतःला बजावतो.

आता इव्हँजेलिस्ट कोरडा निवेदक वाटेल, पण तसं अजिबात नाही हां. येशूचा शिष्य पीटर तीनदा येशूला ओळखत नाही म्हणतो, कोंबडा आरवतो, आणि 'ढसाढसा रडला' म्हणताना सांगणाऱ्याचाच आवाज वर चढून वळणं घेत खाली येतो. श्रायरचं तेवढंच ऐका, बाकी नंतर ऐकलंत तरी चालेल.

हा श्रायर 1935 चा, मायसनचा, दहाव्या वर्षी ड्रेस्डेनच्या क्रॉयत्सकोर या मुलांच्या गायनवृंदात गेला आणि 1970 पासून कंडक्टिंगही करायला लागला. पुढे तर इव्हँजेलिस्ट स्वतः गायचा आणि कंडक्टही स्वतःच करायचा! अशक्य वाटतं, पण वरचा फरक कळला की कोडं सुटतं: गोष्ट सांगताना साथीला दोन-तीनच माणसं, ती त्याच्या श्वासावर चालतात, आणि वाक्य संपताच जमावाचा कोरस अंगावर आला पाहिजे, ते वाक्य तर त्याच्याच तोंडात. आरियात मात्र वाद्यं सलग चालू, तिथे दोन्ही सांभाळणं जड. त्याच्या स्वतःच्या ड्रेस्डेनच्या रेकॉर्डिंगमध्ये आरिया एबरहार्ड ब्युखनर गातो, कारण हेच असावं असं मला वाटतं.

गंमत म्हणजे बाखच्या काळी ही वाटणी नव्हतीच, दोन कोरसांपैकी पहिल्याचा टेनरच गोष्ट सांगायचा, त्या कोरसच्या वाट्याची आरियाही गायचा आणि कोरसमध्येही असायचा.

श्रायरने ऑपेरा 2000 मध्ये सोडला, गाणं 22 डिसेंबर 2005 ला प्रागमध्ये. त्या दिवशी बाखचं ख्रिसमस ऑरेटोरिओ होतं, इव्हँजेलिस्ट तोच, कंडक्टरही तोच.