साखरपुड्यातला शब्द कोणाचा?

साखरपुडा म्हटलं की आज डोळ्यांपुढे अंगठ्या येतात. पोथीत मात्र या विधीचं नाव वाङ्निश्चय. म्हणजे बोलून केलेला निश्चय. अंगठी अलीकडची, मूळ महत्त्व दिलेल्या शब्दाला.

मागणी घालायला माणसं पाठवायची चाल ऋग्वेदाइतकी जुनी आहे. दहाव्या मंडलातल्या विवाहसूक्तात सोम हा नवरदेव आणि त्याच्यासाठी सूर्याच्या मुलीला, सूर्येला, मागणी घालणारे अश्विनीकुमार. आमचे सखे ज्या वाटेने मागणी घालायला निघालेत ती वाट सरळ आणि बिनकाट्याची असो, अशी त्यात एक ऋचा आहे. स्थळ मागायला निघणाऱ्यांसाठी गृह्यसूत्रांनी, म्हणजे घरातल्या संस्कारांचे विधी सांगणाऱ्या ग्रंथांनी, पुढे तीच ऋचा घेतली.

प्रत्यक्ष विधीत दोन्ही व्याही समोरासमोर पाटावर बसतात. गणपतीची, कलशावर वरुणाची पूजा होते. हळकुंड-सुपारीची देवाणघेवाण होते आणि मुलीचे वडील म्हणतात, 'वाचा दत्ता मया कन्या, पुत्रार्थं स्वीकृता त्वया.' मी वाचेने कन्या दिली, तुम्ही मुलासाठी स्वीकारली. मुलाचे वडील तेच आपल्या बाजूने म्हणतात. मुलीला कुंकू लावतात, साडी देतात, खणा-नारळाने ओटी भरतात, साखरेचा पुडा हातात ठेवतात. पण देण्याघेण्याच्या त्या बोलण्यात तिच्या तोंडी एकही शब्द नाही. मला हे फार खुपतं.

आणि तो शब्द तरी किती पक्का? एकाला दिलेली मुलगी पुन्हा दुसऱ्याला देऊ नये, असं मनुस्मृती सांगते. दुसरा स्मृतिकार याज्ञवल्क्य तर दिलेली मुलगी परत घेणाऱ्याला चोराचा दंड सांगतो. पण त्याच श्लोकात, अधिक चांगला वर आला तर दिलेलीही परत घ्यावी, अशी मोकळीक ठेवतो. लग्न पक्कं होतं ते सप्तपदीच्या सातव्या पावलावर. सप्तपदी जिथे विधीचा भाग आहे तिथे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ हेच मानतं. म्हणजे साखरपुडा झाला म्हणून लग्न झालं, असं शास्त्रही म्हणत नाही आणि कायदाही नाही. तरी ठरलेलं मोडलं की बोल लागतो तो मुलीला. 'सुपारी फुटली होती तिची,' असं पुढच्या प्रत्येक स्थळाच्या कानावर घातलं जातं.

हा मुका कोपरा बोलता केला तो महात्मा फुल्यांनी. २५ डिसेंबर १८७३ रोजी पहिला सत्यशोधक विवाह भटजीविना लागला. फुल्यांच्या मंगलाष्टकांत वधूवर मराठीत एकमेकांशी स्वतः बोलतात. ती स्त्रियांचे हक्क मागते, तो ते देण्याची शपथ घेतो. तो विधी लग्नाचा, साखरपुड्याचा नव्हे. पण शब्द द्यायचा तो ज्यांचं लग्न आहे त्यांनी, ही गोष्ट तिथे ठरली.

आता बऱ्याच घरांत साखरपुडा हॉलमध्ये होतो. दोघं एकमेकांना अंगठी घालतात, पेढा भरवतात. वाङ्निश्चय उरतो तो काही महिन्यांनी, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, सीमांतपूजनाच्या गडबडीत. तेव्हाही पाटावर दोन्ही वडीलच बसलेले असतात.