लाकूड कुजवणाऱ्या बुरशीवर प्रोजेक्ट करताय? अर्ज नेमका इथे अडकतो

भाताचा पेंढा, उसाचं पाचट, वखारीतला भुसा बुरशीने कुजवून दाखवायचा, हा विषय मुंबईतल्या कॉलेजांत दरवर्षी दोन-चार जण घेतातच. प्रयोग सोपा आहे. घोडं पेंड खातं ते बुरशी आणायची कुठून यावर.

बहुतेकांना बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आठवतं. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या कलम २८ खाली संशोधनासाठी आत जायची परवानगी मिळते. पण आतली वस्तू बाहेर आणणं कलम ३५(६) मध्ये येतं आणि ते फार कडक आहे. वन्यजीवांच्या व्यवस्थापनासाठी ते गरजेचं आहे, असं सरकारला पटावं लागतं. कुजकी फांदीसुद्धा वनोपजच. ‘पडलेलंच तर आहे’ म्हणून पिशवीत टाकू नका, बाबांनो.

परवानगी देणारे मुख्य वन्यजीव रक्षक नागपूरला असतात. विभागप्रमुखांचं पत्र, प्रोजेक्टचा सारांश, ओळखपत्रं सगळेच जोडतात. नसतो तो नमुन्यांचा तक्ता: कुठल्या भागातून, किती नमुने, प्रत्येकी किती ग्रॅम, कुठल्या महिन्यात. तिथे ‘आवश्यकतेनुसार’ लिहिलंत की अर्ज परत आलाच समजा. आणि ओंडक्यावर बुरशी दिसल्यावर जुलैत अर्ज करू नका. उत्तर येईपर्यंत पाऊस सरलेला असतो. पुढच्या पावसाळ्याचा अर्ज दिवाळीतच टाका.

खरं तर जंगलात जायची गरज क्वचितच असते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे, तिथून शुद्ध कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली एकाच जातीची बुरशी, मागवता येतं. मागणीपत्र आपल्या कॉलेजच्या लेटरहेडवर द्या आणि बुरशीचं शास्त्रीय नाव व संग्रहातला क्रमांक लिहा. ‘लाकूड कुजवणारी पांढरी बुरशी पाठवावी’ असं पत्र मी स्वतः वाचलंय! लिग्निन (लाकडाला कणखरपणा देणारा घटक) फोडायचं असेल तर पांढरी कूज करणारी, म्हणजे लाकूड पांढरट करत कुजवणारी जात हवी, उदाहरणार्थ ट्रॅमेटीस व्हर्सिकलर. तपकिरी कूजवाली बुरशी सेल्युलोज (लाकडातले तंतू) खाते आणि लिग्निन बरंचसं तसंच ठेवते. आणि नुसता पेंढाच कुजवायचा असेल तर बाजारात मिळणारं धिंगरी अळंबीचं स्पॉन, म्हणजे बियाणं, पुरतं. तीही पांढरी कूजच करते.

आता जैवविविधता कायदा, २००२. त्याच्या नावानेच मुलं घाबरतात. भारतीय विद्यार्थ्याने इथेच केलेल्या अभ्यासाला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागत नाही. परदेशी मार्गदर्शक किंवा संस्था सामील झाली, की मात्र लागते, आणि ती आधीच घ्यायची. पुढे त्या बुरशीवर पेटंट मागितलंत तर २०२३ च्या दुरुस्तीनुसार ते मंजूर होण्याआधी प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. त्या वेळी पहिला प्रश्न येतो, बुरशी आणली कुठून? म्हणून कॉलेजच्या आवारातल्या मेलेल्या पर्जन्यवृक्षावरून नमुना घेतलात तरी प्राचार्यांची लेखी संमती, तारीख आणि जागेचा फोटो वहीत चिकटवून ठेवा.